वंशावळीबाहेरची माणसे



आपल्या भागातील जुन्या घरांत माळ्यावर एखादा पेटारा असतो. त्यात तांबड्या नाहीतर पांढऱ्या रुमालात बांधलेले कागद असतात. बरेचसे मोडीत, काही बाळबोधीत, अलीकडचे कन्नडमध्ये. त्या गठ्ठ्यात एक कागद बहुधा सापडतोच, तो म्हणजे वंशावळ. वर मूळपुरुषाचे नाव, खाली त्याचे मुलगे, त्यांच्या खाली त्यांचे मुलगे. कुणाच्या नावापुढे ‘नकल’ लिहिलेले असते, म्हणजे त्याचा वंश खुंटला. कुणाच्या नावापुढे ‘दत्तक’ लिहिलेले असते. घरातला एखादा हौशी माणूस हा कागद बाहेर काढतो, नीट उतरवून घेतो, खाली आपल्या पिढीची नावे जोडतो आणि आपल्या घराण्याचा इतिहास तयार झाला असे समजतो.

ही हौस फार मोलाची आहे. कडोली, कंग्राळी, काकतीपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात अशी माणसे प्रत्येक पिढीत झाली, म्हणूनच थोडेफार कागद आज शिल्लक आहेत. पण वंशावळ म्हणजे घराण्याचा इतिहास नव्हे. तो हक्काचा कागद आहे. हा फरक ध्यानात आला, तर त्या कागदात काय आहे हे जसे दिसते तसे काय नाही हेही दिसू लागते. घराण्याचा खरा इतिहास तिथून सुरू होतो, असे मला या लेखातून आपल्यासमोर मांडायचे आहे.

वंशावळ कशासाठी लिहिली गेली

आपल्या पूर्वजांनी वंशावळ लिहिली ती नातवंडांना कौतुकाने वाचता यावी म्हणून नव्हे. वतनाचा वाद उभा राहिला, वडीलघर कोणाचे आणि धाकटे घर कोणाचे हे ठरवायचे झाले, तक्षिमा पाडायच्या झाल्या, म्हणजे ती लिहावी लागे. पाटीलकी, कुळकर्ण, देसगत, इनाम यांतला वाटा मागणाऱ्याला आपण मूळपुरुषाचे कोण लागतो हे दाखवावे लागे. करिन्यात, म्हणजे वादी-प्रतिवादीच्या लेखी हकिकतीत, म्हणूनच सुरुवातीला पिढ्या सांगितलेल्या असतात.

इंग्रजी अमलात ही गरज वाढली. १८१८ साली बेळगाव इंग्रजांच्या हाती गेले. १८३६ साली धारवाडापासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा झाला. पुढे १८४३ पासून आपल्या या दक्षिणी मुलखात इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिकार मिळाले. ज्याच्याकडे इनाम जमीन होती त्याला सनद दाखवावी लागली आणि सनद ज्याच्या नावे त्याच्याशी आपले नाते सिद्ध करावे लागले. गावोगाव पेटारे उघडले गेले, जाणत्यांना विचारून पिढ्या जुळवल्या गेल्या. १८७४ च्या वतन कायद्यानंतर पाटील-कुळकर्ण्यांच्या घरी तीच धावपळ झाली. आपल्या घरात जी ‘जुनी’ वंशावळ म्हणून जपली जाते, ती पुष्कळदा या काळातली असते. तिच्यातल्या वरच्या पाच-सहा पिढ्या लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेल्या नसतात, त्या त्याने ऐकलेल्या असतात.

इथे जरा बाहेर पाहू. इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांची वही ठेवावी असा हुकूम झाला. त्यामुळे तिथल्या शेतमजुराच्या मुलीचेही नाव, ती जन्मली एवढ्याच कारणाने, कुठेतरी लिहिले जाई. आपल्याकडे तसे नव्हते. आपल्याकडे माणूस कागदावर आला तो जमिनीच्या, वतनाच्या किंवा पैशाच्या मागून. ज्याला हक्क नाही त्याला नाव नाही. हा नियम आजही मोडलेला नाही. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा वर्षानुवर्षे कोणी न विचारलेल्या मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. हक्काचा प्रश्न आला की आपल्याला पूर्वज आठवतात.

म्हणून वंशावळ हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा की हा कागद कोणत्या दाव्यासाठी केला होता. दावा कळला की त्यात कोणाला आणले आहे आणि कोणाला गाळले आहे याचे कारण कळते.

कोण गाळले गेले

सर्वांत आधी बायका. सात पिढ्यांच्या वंशावळीत चाळीस-पन्नास पुरुषांची नावे असतात आणि बाईचे एकही नसते. जणू बाप मुलाला एकट्यानेच जन्म देत होता. वतन मुलाकडे जाणार, मुलगी परघरी जाणार, तेव्हा तिचे नाव लिहिण्याचे कारणच नव्हते. त्यातून लग्नात तिचे नाव बदलणार. माहेरच्या कागदात ती नाही आणि सासरच्या कागदात आली तरी वेगळ्या नावाने, अशी तिची वाट दोनदा पुसली गेली.

मग बाई कागदावर येते कधी? विधवा झाल्यावर. दत्तकपत्रात दत्तक घेणारी म्हणून, अन्नवस्त्राच्या तंट्यात फिर्यादी म्हणून, चोळीबांगडीसाठी तोडून दिलेल्या जमिनीच्या नोंदीत, उताऱ्यावर अज्ञान मुलाची पालक म्हणून. नवरा हयात असताना जिच्या नावाचा मागमूस नाही, ती त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षे घराचा सगळा व्यवहार चालवताना दिसते. हे कागद नीट जुळवले तर पुष्कळ घरांत असे आढळेल की घराणे जिथे तुटायला आले होते तिथे ते एखाद्या विधवेने धरून ठेवले. वंशावळीत मात्र त्या जागी फक्त ‘दत्तक’ एवढा शब्द असतो.

जुन्या कागदांत नावांच्या मध्ये दोन छोटे शब्द येतात, तेही ओळखून ठेवावेत. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. मोडीत ‘बिन’ बहुधा आखूड करून लिहितात. गंमत अशी की हे दोन्ही शब्द कर्नाटकातल्या कन्नड कागदांतही तसेच्या तसे येतात. भाषा बदलली तरी दप्तराची बोली एकच राहिली. ‘कोम’ हा शब्द जिथे दिसेल तिथे थांबावे. तिथे आपली एखादी आज्जी उभी आहे.

दुसरे गाळले गेलेले लोक म्हणजे ज्यांच्याकडे वतनही नव्हते आणि जमीनही नव्हती. कुळे, सालगडी, आश्रित, पोटासाठी गावात येऊन राहिलेली घरे. यांची वंशावळ कोणी लिहिली नाही. त्यांना शोधायचे तर दुसरे कागद पाहावे लागतात. त्यांत पहिला मान महजराचा. वतनाचा किंवा शिवेचा वाद गोतसभेपुढे आला की निवाड्याचा महजर होई आणि त्याच्या शेवटी साक्षीदारांची नावे येत. लिहिता न येणारा आपल्या धंद्याची निशाणी काढी. पाटलाचा नांगर, सुताराचे किकरे, न्हाव्याचा आरसा. बारा बलुत्यांची घरे, गावकुसाबाहेरची घरेसुद्धा, इथे आपल्या नावानिशी हजर असतात. पाटलाच्या वंशावळीत न मावलेले गाव महजराच्या तळाशी उभे असते.

त्यानंतरचे कागद इंग्रजी अमलातले. गावनमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्ममृत्यू लिहिले जात. प्लेगाची वर्षे आणि १९१८ सालची मानमोडीची साथ या वहीत पाहिली म्हणजे वंशावळीत दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत किती माणसे गेली याची कल्पना येते. वर्षाच्या आत गेलेली मुले वंशावळीत कधीच नसतात. ती या वहीत असतात. शाळेचे जनरल रजिस्टर हे असेच दुसरे साधन. त्यात ज्यांच्या घरी उतारा नव्हता त्यांची मुलेही आहेत. आणि कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून कुळांच्या जमिनींविषयीचा सुधारित कायदा लागू झाल्यावर कुळांनी सात नंबरचे अर्ज भरले, तेव्हा पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या नावाखाली राबणारी कितीतरी घरे पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या नावाने जमिनीच्या कागदात आली.

कागदाबाहेरचे कागद

बायकांचा इतिहास शोधायचा तर मात्र पेटारा सोडून स्वयंपाकघरात जावे लागते. आपल्याकडे लग्नात तांब्यापितळेची भांडी नाव घालून देण्याची रीत होती. जुना हंडा, घागर, परात उलटी करून पाहा. तिच्यावर देणाऱ्याचे नाव, गाव, घेणारीचे नाव आणि पुष्कळदा तारीखही कोरलेली असते. मामाने दिलेल्या एका परातीवरून आपल्याला पणजीचे माहेर कळते, जे सगळ्या दप्तरात मिळत नाही. ही भांडी मोडीत जाताना वजनावर जातात. त्यांच्यावरची अक्षरे कोणी उतरवून ठेवत नाही.

दुसरी वस्तू आहेराची वही. लग्नात कोणाकडून काय आले हे परतफेडीसाठी लिहून ठेवलेले असते. कोणत्या गावची किती घरे आली, कोणी लुगडे दिले आणि कोणी रुपया दिला, सोयरे कोण आणि शेजारी कोण, हे सगळे त्यात आहे. घराण्याचे नाते वंशावळीत उभे दिसते, आहेराच्या वहीत ते आडवे दिसते.

तिसरी गोष्ट जात्यावरच्या ओव्या. बाईने माहेर, भाऊ, सासर, गावचा देव, वाटेवरचा घाट, आठवडी बाजार हे सारे ओवीत ठेवले. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या बायकांच्या नावागावांसह. आपल्या गावात जात्यावर बसलेली शेवटची पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला विचारायला आपल्याकडे फार वेळ नाही.

आणि या भागात कागदाइतकाच जुना एक माणूस आहे, तो म्हणजे हेळवी. सुगी झाली की हेळवी दारी यायचा, घंटा बांधलेल्या बैलावर बसून, आणि घराच्या पिढ्या म्हणून दाखवायचा. कन्नडमध्ये ‘हेळव’ म्हणजे पांगळा. मूळपुरुष पांगळा होता म्हणून बैलावर बसून फिरायचा, अशी कथा हे लोक सांगतात. ‘हेळु’ म्हणजे सांगणे, याच्याशीही लोक त्या नावाचा संबंध जोडतात. बेळगाव, विजापूर, सांगली, कोल्हापूर या साऱ्या मुलखात यांची ठरलेली गावे आणि ठरलेली घरे असत. नवीन जन्मलेल्याचे नाव वहीत चढवायचे, धान्य आणि कापड घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे. घर मराठी की कन्नड हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांच्या सांगण्यात मोठेपणाचे रंग पुष्कळ असतात आणि परंपरा मुख्यतः पुरुषांचीच असते, पण कोणते घर कोणत्या गावाहून उठून इथे आले याची आठवण अनेकदा फक्त त्यांच्याकडे असते. असाच दुसरा साठा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांचा. यात्रेला गेलेल्या आपल्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने तिथे नावगाव लिहिलेले असू शकते.

सीमेवरचे घराणे

आता आपल्या भागाच्या खास अडचणीकडे येतो. ती अडचणही आहे आणि श्रीमंतीही.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्याने बांधली. तिथले शिलालेख कन्नडमध्ये आहेत. आपल्या बुद्रुक आणि खुर्द या शब्दांचे मूळ फारसी, बुजुर्ग म्हणजे मोठा आणि खुर्द म्हणजे लहान. कंग्राळीच्या दोन गावांची नावे आपण रोज घेतो, त्यांत आदिलशाही दप्तराची ही भाषा मुरलेली आहे. पेशवाईत या मुलखातल्या कन्नड बोलणाऱ्या गावांचाही हिशेब मोडीत ठेवला गेला. म्हणून आज कितीतरी कन्नड घरांत मोडी रुमाल आहेत, जे त्यांना वाचता येत नाहीत. आणि आपल्या मराठी घरांत कन्नड उतारे आहेत, जे आपल्यातले पुष्कळजण नाइलाजाने हातात धरतात आणि दुसऱ्याकडून वाचून घेतात.

१ नोव्हेंबर १९५६ नंतर हा भाग म्हैसूर राज्यात गेला. तोपर्यंतचे गावदप्तर मराठीत, त्यानंतरचे हळूहळू कन्नडमध्ये. भाषेच्या हक्कासाठी या भागातल्या माणसांनी काय सोसले ते आपणांस सांगायला नको. १९४६ साली बेळगावच्याच साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली आणि आजही तो दावा सर्वोच्च न्यायालयात उभा आहे. ती लढाई तिच्या जागी आहे. पण घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने एक गोष्ट पक्की धरावी. कन्नड कागद परका म्हणून बाजूला टाकला, तर त्यातला आपलाच आज्जा बाजूला टाकला जातो. आणि इतिहास फक्त दाव्याचा पुरावा म्हणून लिहिला, तर वतनासाठी केलेल्या वंशावळीसारखाच तोही अर्धा राहतो.

आपल्या घरांतल्या देवांकडे पाहा. एखाद्या घराचे कुळदैवत वाडी रत्नागिरीचा जोतिबा, दुसऱ्याचे सौंदत्तीची यल्लम्मा, तिसऱ्याचे चिंचलीची मायाक्का, चौथ्याच्या गावात रवळनाथ. एकाच गल्लीत चार दिशांच्या वाटा येऊन मिळाल्या आहेत. कुळदैवत हा पूर्वजांच्या वाटेचा एक पुरावा आहे. एकट्याने तो पुरा पडत नाही, पण कागद संपतात तिथून पुढे तो उपयोगी पडतो.

१९५६ च्या रेषेची आणखी एक गोष्ट संशोधकाने लक्षात ठेवावी. चंदगड तालुका तोवर बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तेवढा तालुका मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे चंदगडच्या घराण्याचे जिल्हा पातळीवरचे जुने कागद शोधायचे तर बेळगावचे दप्तर पाहावे लागणार. आणि आपल्या लेकी? त्या चंदगड, आजरा, गडहिंग्लज, खानापूर, निपाणी, गोवा अशा सगळीकडे दिलेल्या आहेत. पुरुषांची वंशावळ एका गावात उभी राहिली. लेकींची काढली तर ती दोन-तीन राज्यांत पसरते आणि सीमेची रेषा तिला कुठेच अडवत नाही. बायकांना गाळून लिहिलेल्या इतिहासात आपला भाग आहे त्याहून लहान दिसतो.

पारख

जमवलेले सगळे खरे असतेच असे नाही. तेव्हा पारखण्याच्या काही साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पिढ्यांचा हिशेब. सर्वसाधारणपणे शंभर वर्षांत साडेतीन ते चार पिढ्या होतात. पेशव्यांचा अंमल या भागात आला तो अठराव्या शतकाच्या मध्यात. तेव्हापासून आजवर नऊ-दहा पिढ्या झाल्या. कोणी शिवकालातल्या पूर्वजापासून आपल्यापर्यंत सहाच पिढ्या दाखवल्या, तर मध्ये काही गळल्या आहेत असे समजावे.

दुसरी गोष्ट नावांची. नातवाला आज्जाचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे रामा बिन लक्ष्मण, लक्ष्मण बिन रामा, पुन्हा रामा बिन लक्ष्मण अशी साखळी होते. दोन रामांचा एक राम करणे किंवा एकाचे दोन करणे ही या कामातली नेहमीची गफलत. ती टाळायची तर प्रत्येक नावाला निदान एक साल चिकटवावे.

तिसरी गोष्ट सालांची. शक असेल तर ७८ मिळवावेत. फसली असेल तर साधारण ५९०. मोडी कागदात सुहूर सन असतो आणि तो अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०, आणि हे साल मृगापासून मृगापर्यंत चालते, म्हणून तो कागद जून १७७० ते जून १७७१ यांच्या दरम्यानचा. पहिल्यांदा हे मंत्रासारखे वाटते. आठ दिवसांत पाठ होते.

चौथी गोष्ट मोठेपणाची. आपले घराणे कोण्या राजाचे, सरदाराचे, रजपुताचे असावे असे सर्वांनाच वाटते. इनामाच्या चौकशीत बनावट सनदाही पुढे आल्या होत्या, तेव्हा हा मोह नवा नाही. अशी कथा घरात असेल तर ती फेकू नये. ‘घरात असे सांगतात’ म्हणून लिहावी आणि कागदाने सिद्ध झालेले वेगळे लिहावे. शेत नांगरून, मोट हाकून, दोन दुष्काळ आणि एक प्लेग काढून मुले जगवली, एवढे एखाद्या पूर्वजाविषयी खात्रीने सांगता आले तर ते सरदारकीपेक्षा कमी नाही.

वाचन

या कामाला वाचनाची जोड हवी. नाहीतर आपण आपल्याच घराच्या चार भिंतींत फिरत राहतो.

वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या घरांतले रुमाल उघडले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला. पुढे असे बावीस खंड झाले. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. घराण्यांच्या पेटाऱ्यांतून देशाचा इतिहास निघतो हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याला अधिक जवळचे वासुदेवशास्त्री खरे. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. पटवर्धनांच्या कर्नाटकातल्या मोहिमा, परशुरामभाऊंचा १७९०-९१ चा धारवाडचा वेढा, त्या वाटेवरची गावे त्यात भेटतात. आपल्या गावाचे नाव अशा पत्रात अचानक समोर येते तेव्हा इतिहास वाचण्याची रीतच बदलते.

१८८४ सालचे बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर मिळवून वाचावे. लिहिणारे राज्यकर्ते होते हे विसरू नये, पण पिके, बाजार, रस्ते, धंदे, जाती यांची त्या काळची माहिती इतकी एकत्र दुसरीकडे नाही. आणि शं. बा. जोशी अवश्य वाचावेत. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या या कन्नड पंडिताने ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हे पुस्तक मराठीत लिहिले. त्यांची सगळी मते पटणार नाहीत, पण दोन भाषांची मुळे किती खोल गुंतली आहेत याचा विचार टाळता येत नाही.

पुस्तकांची आपल्याला वाण नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. २००० साली बेळगावात अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले तेव्हा अध्यक्षपदी य. दि. फडके हे इतिहासकारच होते. कडोलीसारख्या गावात तर वर्षानुवर्षे साहित्य संमेलन भरते, शेतावरची कामे आटोपून माणसे मांडवात येऊन बसतात. वाचनाची ही ओढ ज्या गावात आहे तिथे दप्तर वाचण्याची ओढ लावणे अवघड नाही.

पुढचे काम

अवघड आहे ते वेळेचे गणित. मोडी सर्रास लिहिणारी पिढी गेली. तिचे अक्षर ओळखणारी जात आहे. आपली मुले कन्नड शिकली आहेत, इंग्रजी शिकली आहेत, मराठी बोलतात, पण मोडीतला कागद त्यांना रेघोट्यांसारखा दिसतो. जुने घर पाडून नवे बांधताना पेटारा पहिल्यांदा हलतो आणि पुष्कळदा रद्दीच्या दुकानापर्यंत जाऊन थांबतो. त्या दिवशी ओरडून उपयोग नसतो.

म्हणून प्रत्येक घराने तीन कामे करावीत. पहिले, घरातल्या सगळ्या जुन्या कागदांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी. मूळ कागद आपल्याकडेच ठेवावा, पण तो एकाच ठिकाणी राहू नये. कागद चिकटवायला चिकटपट्टी वापरू नये, कुजलेली घडी जबरदस्तीने उलगडू नये. दुसरे, घरातल्या एका तरी मुलाने किंवा मुलीने मोडी शिकावी. शिरोरेषा आधी ओढलेली, शब्द न तोडलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसलेली ही लिपी सुरुवातीला दमवते, पण रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत साधे कागद लागू लागतात. मोडी येणाऱ्या आपल्या मुलीने शेजारच्या कन्नड घराचा रुमाल वाचून द्यावा आणि त्यांच्या मुलाने आपला जुना कन्नड कागद समजावून सांगावा. दोन्ही घरांचे काम होईल.

तिसरे काम वंशावळीचे. ती नव्याने लिहावी आणि तिच्यात लेकी आणि सुना लिहाव्यात. कायदा इथे आपल्या पुढे गेला आहे. १९९४ साली कर्नाटकाने आणि २००५ साली केंद्राने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. आज वारसा लावायला गेलेल्या माणसाकडे मागितल्या जाणाऱ्या वंशवृक्षात मुलींची नावे असावीच लागतात. म्हणजे हक्क आला तेव्हा त्यांचे नाव कागदावर आले, जसे ते नेहमीच हक्काबरोबर येत गेले. मागे गेलेल्यांना आता कोणताही हक्क मिळणार नाही, म्हणून त्यांची नावे कोणतेही कार्यालय आपल्याकडे मागणार नाही. ती आपणच शोधायची आहेत. पणजीचे माहेरचे नाव काय होते, ती कोणत्या गावची, तिला किती मुले झाली आणि किती राहिली, हे आज घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारावे, उत्तर येईल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि खाली विचारल्याची तारीख घालावी.